फाळक्यांची नजर आणि चित्राची चौकट

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला राजा हरिश्चंद्र आठवतो, मूकपट आठवतात आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार आठवतो. आरोग्याच्या सदरात त्यांचे काय काम, असे कुणीही विचारेल. पण या माणसाच्या आयुष्यात प्लेगने उद्ध्वस्त केलेले घर आहे, कामाच्या अतिरेकाने गेलेली आणि उपचाराने परत आलेली दृष्टी आहे आणि वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपणारा एक वैज्ञानिक प्रयोगही आहे. शिवाय आज आपल्या प्रत्येकाच्या घरात रोज घडणाऱ्या एका चुकीशी त्यांचा जवळचा संबंध आहे. ती चूक म्हणजे चित्र एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत नेताना ते ताणणे किंवा दाबणे.

लग्नाची जुनी कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि टीव्हीला लावली की वडिलांचा चेहरा भाकरीसारखा पसरलेला दिसतो. आई ठेंगणी दिसते. घरातले दोन मिनिटे हसतात आणि मग तसेच पाहत बसतात. तंत्रज्ञ ज्याला अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात, म्हणजे चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण, ते इथे बिघडलेले असते. हे प्रमाण काय आहे आणि ते का जपायचे, हे समजून घ्यायला फाळक्यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

त्र्यंबकेश्वर ते गोध्रा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानेही शास्त्री व्हावे असे त्या घरात कुणाला वाटले असते तर नवल नव्हते. पण याचा ओढा रंग, कागद आणि यंत्रांकडे होता. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, कुटुंब तिकडे गेले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे मोठ्या भावासोबत बडोद्याला गेल्यावर सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला शिकली. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे मोठे जाणकार. त्यांनी या हुशार मुलाला फोटोग्राफीची खोली आणि प्रयोगशाळा वापरू दिली. छायाचित्र धुणे, ब्लॉक बनवणे, तीन रंगांची छपाई हे सारे धुंडिराज तिथे आणि रतलामला शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले.

१८९५ च्या सुमारास पोट भरण्यासाठी ते गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून गेले. तिथे प्लेगने गाठले. १९०० मध्ये त्यांची पत्नी आणि मूल प्लेगमध्ये दगावले. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला हा रोग रेल्वेच्या वाटेने गावोगाव पोहोचला होता. हाफकिन यांची लस १८९७ मध्ये तयार झाली होती, पण ती फार थोड्यांपर्यंत पोहोचली होती. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून चाळीसेक वर्षे होती. आज वेळेत ओळखल्यास आठवडा-दहा दिवसांच्या औषधाने बरा होणारा हा आजार त्या काळात घरेच्या घरे रिकामी करीत होता.

तिशीच्या उंबरठ्यावर एकटा पडलेला हा माणूस बडोद्याला परतला. तिथे त्याचा छायाचित्रणाचा धंदा चालला नाही, कारण फोटो काढला की माणसाची ताकद शोषली जाते आणि तो मरतो, अशी लोकांची समजूत होती. मग त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते खेळ करू लागले. हातचलाखीची ही विद्या पुढे पडद्यावर कामी आली. १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, कारण भारतीय चित्रपटाच्या फितीला पहिली भोके पाडणारे हात त्यांचे होते.

प्रमाणाची शाळा

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. जुन्या वास्तूचा आराखडा कागदावर उतरवताना शंभर फुटांची भिंत दहा इंचांत बसवावी लागते. पण रुंदी जितक्या पट कमी केली तितक्याच पट उंचीही कमी करावी लागते. एक जरी बाजू चुकली तरी ती वास्तू ती राहत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत गेलेल्या वाचकांना हे सहज कळेल. तिथल्या पद्मपाणीचे चित्र दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर छापताना आडवे ताणले, तर तो पद्मपाणी उरणार नाही.

नोकरी सोडल्यावर फाळक्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या तैलचित्रांवरून निघणाऱ्या शिळाप्रतींचे काम तिथे होई. मोठ्या कॅनव्हासवरची लक्ष्मी किंवा सरस्वती घराघरातल्या छोट्या तसबिरीत उतरवायची. तीन-चार रंगांचे ठसे एकमेकांवर केसाच्याही फरकाशिवाय बसवायचे. आजच्या भाषेत हे फाइल रूपांतरच होते. मूळ मोठे, प्रत लहान. पण देवीचा चेहरा तोच राहिला पाहिजे. छपाईच्या नव्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. पुढे भागीदारांशी पटले नाही आणि त्यांनी चालता धंदा सोडून दिला. त्या वेळी वय चाळीस, हाताशी नोकरी नाही, घरात लहान मुले.

दृष्टी गेली आणि आली

याच सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले होते. त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. मिळेल तिथून चित्रपटाचे साहित्य आणायचे, किमतीच्या याद्या मागवायच्या, लहानसे खेळण्यातले यंत्र घेऊन मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडायची, रोज संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि रात्री जेमतेम तीन तास झोपायचे. हे अनेक महिने चालले आणि मग त्यांना दिसेनासे झाले.

मुंबईतले नेत्रवैद्य डॉ. प्रभाकर यांनी त्यांच्यावर उपचार केले. तीन-चार वेगवेगळे चष्मे देऊन त्यांनी फाळक्यांची नजर परत आणली. काही चरित्रांत या आजाराला मोतीबिंदू म्हटले आहे. पण चित्रे पाहिल्याने मोतीबिंदू होत नाही आणि चष्म्याने तो उतरत नाही. चष्म्याने माणसाला पुन्हा दिसू लागले, यावरून डोळ्यांचा नंबर आणि डोळ्यांवरचा अतिताण यांचा या आजारात मोठा वाटा असावा, असे वैद्यकीयदृष्ट्या म्हणता येते.

त्यांचे वयही लक्षात घ्या. आपल्या मराठीत जवळचे वाचायच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात, ते उगीच नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग कडक होऊ लागते आणि जवळचे पाहताना त्याला हवा तसा फुगवटा घेता येत नाही. डोळ्यातला लहानसा स्नायू जोर लावत राहतो, थकतो, आखडतो. त्यात अंधुक उजेड, लुकलुकणारे चित्र, पापणी न हलवता तासन्‌तास पाहणे आणि अपुरी झोप. एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. मोबाइलवर रात्री दोन वाजेपर्यंत मालिका पाहणाऱ्यांच्या तक्रारी आज याच असतात: डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, कपाळ दुखते, लांबचे धूसर दिसते.

उपाय साधे आहेत. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. खोलीत पुरेसा उजेड ठेवावा. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांतून डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर दरवर्षी, पडद्याच्या तपासणीसह. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अचानक नजर गेली, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे झाले किंवा विजेसारखे चमकू लागले, तर ताण समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

वाटाण्याचा अंकुर

डोळे बरे होताच फाळक्यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट पकडली. तिथे ओळखीचे कुणी नव्हते. चित्रपटविषयक साप्ताहिक बायोस्कोपच्या संपादकांना ते थेट जाऊन भेटले. संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले आणि हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओत चित्रीकरणाच्या सर्व पायऱ्या दाखवल्या. विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडायचे यंत्र आणि कोऱ्या फितीची मागणी नोंदवून फाळके दोन महिन्यांत परत आले.

आता पैसे लावणारा माणूस हवा होता. त्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी देव-देवता दाखवल्या नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी घट्ट रोवला आणि जवळपास महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. फीत चालवली तेव्हा मिनिटभरात वाटाण्याला कोंब फुटला, पाने आली आणि वेल वर चढला. आज रुग्णालयात भ्रूणाच्या पेशींची वाढ पाहायला हीच पद्धत वापरतात. टाइमलॅप्स हे तिचे नाव शाळकरी मुलांनाही माहीत आहे. धुळ्या-जळगावच्या शाळांत विज्ञानदिनाला हा प्रयोग मोबाइलवर सहज करता येईल. अट तीच, महिनाभर कॅमेरा आणि चौकट हलता कामा नये.

भोके पाडणारे हात

त्या काळची कोरी फीत कडांना भोके न पाडता येई. ती अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाईंनी केले. त्यांनी दागिने दिले, फिती धुतल्या, दिवसा चित्रीकरणाच्या वेळी हातात पांढरी चादर धरून उजेड परावर्तित केला आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला.

या भोकांमागे गणित आहे. ३५ मिलिमीटर रुंदीची फीत, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार भोके. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन या तंत्रज्ञाने १८९२ च्या सुमारास ही मांडणी केली आणि १९०९ च्या सुमारास ती जगभर मान्य झाली. चार भोकांमुळे चौकटीची उंची साधारण १८ मिलिमीटर ठरली आणि दोन भोकांच्या रांगांमधल्या जागेमुळे रुंदी साधारण २४ मिलिमीटर. २४ ला १८ ने भागा, म्हणजे ४:३. दशांशात १.३३. अनेक दशके जगभरच्या चित्रपटांनी आणि नंतर टीव्हीने जे प्रमाण वापरले, ते या भोकांतून आले आहे.

एका फुटात अशा सोळा चौकटी मावतात, म्हणजे दोन्ही कडा मिळून १२८ भोके. राजा हरिश्चंद्र सुमारे ३,७०० फुटांचा होता. एवढ्या फितीला पावणेपाच लाखांच्या घरात भोके लागतात. एक भोक तिरके गेले तरी पडद्यावर चित्र थरथरते. दादरच्या घरात अंधाऱ्या खोलीत बसून ही अचूकता एका गृहिणीने सांभाळली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लोकांसमोर आला. तारामतीचे काम करायला स्त्री मिळाली नाही म्हणून ते अण्णा साळुंके यांनी केले. ते तोवर एका उपाहारगृहात कामाला होते. हरिश्चंद्र झाले होते दाबके आणि रोहिदास झाला होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

याच फितीत दुसरेही एक प्रमाण दडले आहे, काळाचे. मूकपट हाताने मूठ फिरवून सेकंदाला साधारण १६ चौकटी या वेगाने टिपले जात. म्हणजे सेकंदाला एक फूट. या हिशेबाने ३,७०० फूट तासाभराचे होतात. बोलपट आल्यावर वेग सेकंदाला २४ चौकटी झाला. जुनी फीत त्या यंत्रावर चालवली की तोच चित्रपट चाळीस मिनिटांत संपतो आणि माणसे तुरुतुरु पळताना दिसतात. आपल्याला वाटते की जुन्या काळी अभिनयच तसा होता. तसा तो नव्हता. त्यांचा काळ आपण दाबला आहे, जशी त्यांची रुंदी आपण ताणतो.

नाशिक, यश आणि उतरण

पुढे फाळके नाशिकला गेले. १९१३ च्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि स्त्रियांची भूमिका स्त्रियांनी करण्याचा आरंभ झाला. १९१७ च्या लंका दहनमध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंके यांनी केली. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, श्रीकृष्ण जन्म आला आणि १९१९ मध्ये कालिया मर्दन.

कालिया मर्दनमधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. पडद्यावर फक्त एक चेहरा, तोही ४:३ च्या चौकटीत नेमका बसवलेला. आता हे दृश्य आजच्या १६:९ च्या टीव्हीवर पडदाभर ताणले तर काय होते? १६:९ म्हणजे १.७८. त्याला १.३३ ने भागले की पुन्हा १.३३ च येतात. म्हणजे मुलीचा चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. गाल सुजल्यासारखे, डोळे बारीक. काही लोक ताणण्याऐवजी चित्र मोठे करून वरखाली कापतात. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो, कृष्णाचा मुकुट किंवा नागाचा फणा. फाळक्यांनी विचार करून भरलेल्या चौकटीची यातली कुठलीच अवस्था त्यांची नाही.

भागीदारांशी वाद, कंपनीतून बाहेर पडणे, काशीला जाऊन नाटक लिहिणे, पुन्हा परत येणे असा पुढचा काळ गेला. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. ध्वनीसाठी फितीच्या एका कडेला पट्टी द्यावी लागली आणि चौकट आखडली. चित्र जवळपास चौकोनी दिसू लागले, तेव्हा १९३२ मध्ये अमेरिकेत चौकटीची उंचीही कमी करून १.३७ हे प्रमाण ठरवण्यात आले. फाळक्यांचा सेतुबंधन याच संधिकाळातला. तो मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज चढवावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला. बोलपट म्हणून बनवलेला त्यांचा हा एकमेव चित्रपट आणि शेवटचाही. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याकडे ना पैसा होता, ना चित्रसृष्टीतले स्थान. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

त्यांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या. नायट्रेटची ती फीत पटकन पेट घेते आणि उष्ण-दमट हवेत कुजते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांचे उरलेसुरले तुकडे शोधून जपले. मूकपटाची फीत बोलपटाच्या यंत्रातून उतरवली तर ध्वनिपट्टीच्या जागेखाली चित्राची डावी कड कापली जाते. त्यामुळे अशा फितीची नवी प्रत काढताना पूर्ण चौकट टिपावी लागते. जे थोडे उरले आहे, तेही ताणून-कापून दाखवायचे का, हा प्रश्न म्हणून गंभीर आहे.

रुंद पडदा आणि सिलिंडरचा नंबर

१९५० नंतर अमेरिकेत टीव्ही घराघरात शिरला, तेव्हा प्रेक्षक परत आणण्यासाठी चित्रपट रुंद झाला. फ्रान्सच्या आंरी क्रेतियँ यांनी आधीच एक भिंग बनवले होते. ते रुंद दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबून नेहमीच्या फितीवर बसवी आणि दाखवताना दुसरे भिंग ते पुन्हा दुप्पट पसरवी. हेच सिनेमास्कोप. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्त यांचा कागज के फूल या पद्धतीने आला. दाबलेली फीत नुसती पाहिली तर माणसे बांबूसारखी उंच-बारीक दिसतात.

हे भिंग दंडगोलाकार असते, म्हणजे एकाच दिशेने काम करते. आपल्या चष्म्याच्या कागदावर सिलिंडरचा नंबर लिहिलेला असतो, तो याच जातीचा. काहींच्या बुबुळाचा गोलावा दोन दिशांना सारखा नसतो. त्यांना एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या धूसर दिसतात. सिलिंडरचा चष्मा ते प्रमाण सुधारतो. नवा सिलिंडर नंबर लागला की सुरुवातीला जमीन तिरकी किंवा दरवाजा अरुंद वाटतो आणि आठ-दहा दिवसांत मेंदू जुळवून घेतो.

मेंदूची ही जुळवून घेण्याची सवय इथे मात्र घातक ठरते. ताणलेले चेहरे काही मिनिटे सलग पाहिले की मेंदू तेच खरे धरू लागतो. म्हणूनच घरातले दोन मिनिटे हसतात आणि मग तसेच पाहत बसतात. चूक राहते, चूक जाणवण्याची जाणीव जाते.

दवाखान्यातली चौकट

करमणुकीत हे चालून जाईल. आरोग्यात चालत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून मुंबईला आता सोनोग्राफी, टू-डी इको आणि दुर्बिणीच्या तपासणीचे व्हिडिओ मोबाइलवर जातात. ते आकाराने लहान करताना कुणी प्रमाण बिघडवले तर निदानाला धक्का लागू शकतो.

थायरॉइडमधली गाठ रुंदीपेक्षा उंच दिसली तर ती संशयास्पद मानतात. चित्र आडवे ताणले की हीच गाठ रुंद आणि निरुपद्रवी भासेल. मानेतली लसिकाग्रंथी लांबट असेल तर बहुधा काळजी नसते, गोल असेल तर पुढच्या तपासण्या लागतात. हाही निव्वळ रुंदी-उंचीचा खेळ आहे. इकोमध्ये हृदयाचा डावा कप्पा आडव्या छेदात गोल दिसायला हवा. तो चपटा झाला तर उजव्या बाजूला दाब वाढल्याची शंका येते. ताणलेला व्हिडिओ ही शंका उगीच निर्माण करू शकतो किंवा लपवूही शकतो.

सगळ्याच ठिकाणी सारखा धोका नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीशी तोलतात. दोन्ही आडवी मापे असल्याने ताणले तरी गुणोत्तर बदलत नाही. ईसीजीत कागदावरचे चौकोनही रेघांसोबत ताणले जातात, त्यामुळे चौकोन मोजणारा डॉक्टर फसत नाही. नुसत्या नजरेने अंदाज बांधणारा फसतो. म्हणून नियम असा, की माप मूळ यंत्रावरच घ्यावे आणि पाठवलेल्या चित्रात मोजपट्टी दिसत असावी.

घरची कॅसेट उतरवताना

खानदेशात गेल्या तीसेक वर्षांतली लग्ने, अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम, यात्रांचे चित्रीकरण हजारो कॅसेटांवर पडून आहे. त्यावरची चुंबकीय पट्टी दरवर्षी खराब होते आहे. ती उतरवून घ्या, पण उतरवणाऱ्याला या गोष्टी सांगा.

मूळ चित्र ४:३ चे असेल तर ते ४:३ च ठेवायला सांगा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ते १४४० बाय १०८० एवढे बसते आणि दोन्ही बाजूंना २४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्या म्हणजे दोष नव्हे, ती प्रामाणिक मोकळी जागा आहे. उलट १६:९ चे चित्र ६४० बाय ४८० च्या जुन्या चौकटीत घालायचे असेल तर ते ६४० बाय ३६० होते आणि वर-खाली ६० बिंदूंच्या पट्ट्या येतात.

आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. भागाकार येतो १.२५, जो ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. कारण तिथला बिंदू चौरस नसतो. दाखवताना तो पसरवायचा असतो आणि किती, ते फाइलमधल्या एका खुणेत नोंदलेले असते. रूपांतरात ती खूण हरवली की चित्र दाबलेले दिसते. अशा वेळी ४:३ साठी ७६८ बाय ५७६ आणि १६:९ साठी १०२४ बाय ५७६ हे माप द्यावे. सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण असते, ती आधी चालू करावी. मग रुंदी दिली की उंची आपोआप येते. चित्रातच काळ्या पट्ट्या भाजल्या गेल्या असतील तर आधी त्या कापाव्यात, नाहीतर पट्टीवर पट्टी चढून मधले चित्र टिचभर उरते. आणि टीव्हीच्या रिमोटवरची पडदाभर ताणण्याची सोय बंद ठेवावी.

शेवटची परीक्षा सर्वांत सोपी आहे. चित्रात गोल वस्तू शोधा. ताट, गाडीचे चाक, भिंतीवरचे घड्याळ, आईच्या कपाळावरचे कुंकू. समोरून दिसणारी ती वस्तू पडद्यावर पट्टीने आडवी आणि उभी मोजा. दोन्ही मापे सारखी आली तर चित्र बरोबर आहे. नसतील तर प्रत पुन्हा काढून घ्या आणि ती नीट झाल्याखेरीज मूळ कॅसेट टाकून देऊ नका.